अद्भुतकथेतील नामकरण

कथाकाराला स्वतः निर्माण कराव्या लागणाऱ्या गोष्टींत नाव ही सर्वांत लहान गोष्ट होय. आणि बहुधा म्हणूनच तिजकडे टीकाकारांचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे. संविधानक, स्वभावलेखन, भाषासरणी, ध्येयवाद यांची चर्चा आपल्या मासिकांतून वर्षानुवर्षे झाली. परंतु जे नगर पृथ्वीच्या पाठीवर नाही त्यास काय म्हणावे, जो राजा कधी झालाच नाही त्यास त्याची आई कोणत्या नावाने हाक मारीत असेल, हा प्रश्न किरकोळ समजून ज्याने त्याने आपापल्या सोयीने सोडविला. सामाजिक कादंबरीकाराची यातून सहज सुटका होते. त्याने पुण्यास पुणे म्हणावे, नायकास माधव किंवा विनायक म्हणावे, की काम झाले. ऐतिहासिक कादंबरीकारास बखरी आणि शकावल्या नावे पुरवितात. अद्भुतकथाकार मात्र उघड्या माळावर उभा असतो. त्यास पायाचा पहिला दगड नावाचाच बसवावा लागतो. तो डळमळला तर वरची इमारत कितीही डौलदार असो, वाचक आत पाऊल टाकीत नाही.

हा विषय आजच हाती घेण्यास कारण आहे. आमच्या वऱ्हाडातील महाविद्यालयीन तरुण हल्ली पुष्कळ अद्भुतकथा लिहू लागले आहेत, आणि अमरावती-अकोल्याकडील अशी हस्तलिखिते आमच्या वाचनात वारंवार येतात. कल्पनाशक्तीचे हे नवे भरते पाहून आम्हांस आनंदच होतो. परंतु नावांपुरते पाहिले तर या हस्तलिखितांच्या दोनच जाती आढळतात. पहिल्या जातीत राजधानीचे नाव सुवर्णनगरी, राजा प्रतापसेन, राजकन्या चंद्रप्रभा आणि प्रधान दुर्मती. दुसऱ्या जातीत राज्य झायरोनिया, नायिका एलारा आणि खलपुरुष ड्रॅकमोर. पहिल्या जातीची नावे अर्थाने ओथंबलेली, दुसऱ्या जातीची अर्थशून्य. पण एका बाबतीत दोघींचे गोत्र एकच. दोहोंतही माणसांच्या वस्तीचा वास येत नाही.

पहिल्या जातीचे मूळ फार जुने व प्रतिष्ठित आहे, हे कबूल केले पाहिजे. पंचतंत्रातील कावळा लघुपतनक, उंदीर हिरण्यक, कासव मंथरक, कबुतरांचा राजा चित्रग्रीव, कोल्हे करटक आणि दमनक! ही नावे ऐकताच प्राण्याची आकृती अथवा वृत्ती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु पंचतंत्र ही नीतिकथा आहे. तीत व्यक्तीपेक्षा वृत्तीला महत्त्व. आणि वृत्तीचे नाव वृत्तीवरून पडावे हे न्याय्यच आहे. इंग्रजीत बन्यनने आपल्या रूपकग्रंथात हीच रीत स्वीकारली, आणि हरी केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने तो ग्रंथ मराठीत आणला. रूपकात नाव हे पाटी असते. अद्भुतकथेत नावाने पाटीचे काम करू नये, कारण तीतील मनुष्य पुढे काय करील हे आपणांस ठाऊक नसले तरच कथेला अर्थ आहे. प्रधानाचे नाव दुर्मती ठेवल्यावर त्याच्या कपटाचा उलगडा सतराव्या प्रकरणात करून काय उपयोग? वाचकाने तो पहिल्याच पानावर केलेला असतो.

आपल्या कादंबरीने आरंभापासून हीच वाट धरली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. दोन्ही नावे नायिकांची, दोन्ही संस्कृत, दोन्ही गोड. 'कादंबरी' हे या वाङ्मयप्रकाराचे नावच मुळी बाणभट्टाच्या नायिकेवरून आले आहे. कादंबरी म्हणजे मद्य, हे आज ती वाचणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असते? बाणाच्या नायिकेचे नाव वापराने झिजले, त्याचा अर्थ पुसला गेला, आणि मगच ते मराठी झाले. पुढे १९१३ साली नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली. हे नाव तेराव्या शतकात गुजरातेच्या वाघेला कुळात खरोखरच होऊन गेलेले आहे. तथापि मराठी वाचकांनी त्यात तो राजा ऐकला नाही, 'वीर' आणि 'धवल' हे दोन गुणच ऐकले. तेव्हापासून वीर, विक्रम, प्रताप, चंद्र यांना सेन, केतु, प्रभा, मालिनी जोडीत जावे, की हवी तितकी पात्रे तयार, अशी जणू टांकसाळच उघडली.

या टांकसाळीबाहेरही एक वाट होती, आणि तिचा शोध आपल्या नाटककारांस शेक्सपिअरची रूपांतरे करिताना लागला. परभाषेतील पात्रास मराठी नाव देणे हे नवे नाव घडविण्यासारखेच आहे. शंकर मोरो रानडे यांनी १८८१ साली राजा लियरला 'अतिपीड' केले. या म्हाताऱ्याच्या नशिबी अतिशय पीडा येणार, हे नावानेच सांगून टाकले. त्याच्या आईबापांनी बारशाच्या दिवशीच ही पीडा ओळखली होती की काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. उलट गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ऑथेल्लोला 'झुंझारराव' केले आणि त्या जगप्रसिद्ध दुष्ट इयागोला नुसते 'जाधवराव' म्हटले. जाधवराव! या नावात दुष्टपणाचा लवलेश नाही. असा गृहस्थ कोणत्याही गावी भेटावा, आपण त्यास बसावयास पाट द्यावा. म्हणूनच त्याचे कारस्थान अंगावर शहारे आणते. अकोल्याशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या विष्णु मोरेश्वर महाजनींनी त्याआधीच, १८७९ साली, 'सिंबेलाइन'चे रूपांतर करिताना नाटकाला 'तारा' हे नाव दिले. तारा ही पुराणातही आहे आणि शेजारच्या घरातही आहे. अर्थ आहे, पण तो मिरवीत नाही. रूपांतरकाराची ही अल्पाक्षरी निवड आजच्या अद्भुतकथाकारांनी अभ्यासावी अशी आहे.

याहून बोलका दाखला वऱ्हाडातच आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली आणि मराठी वाङ्मयाला दोन भिन्न देणग्या दिल्या. 'वीरतनय' (१८९६), 'मूकनायक' (१९०१) यांसारख्या नाटकांत त्यांनी स्वतंत्र कथानके रचिली. विनोदी लेखांत त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट निर्माण केले. दोन्ही एकाच कल्पक बुद्धीची अपत्ये. परंतु आज सुशिक्षित घरांत कोल्हटकरांचे कोणते पात्र नावाने आठवते, असे विचारल्यास उत्तर काय येईल? नाटकांतील राजपुत्र विस्मरणात गेले. बंडूनाना जिवंत आहेत. याचे श्रेय एकट्या नावांना आम्ही देत नाही. तरी नाना आणि तात्या या दोन प्रत्ययवजा शब्दांत जे घरगुती आयुष्य भरलेले आहे, ते नाटकी नावांत कोठून येणार? कोल्हटकरांचे शिष्य गडकरी यांनी हे मर्म ओळखले होते. 'एकच प्याला'तील तळीराम हे नाव इतके अचूक बसले की मद्यपी मनुष्यास मराठीत तेच सामान्यनाम झाले. नव्या नावाला याहून मोठे यश नाही.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. सुवर्णनगरीच्या कथांत राजा, राणी, ऋषी, सेनापती या सर्वांची नावे संस्कृत असतात. पण द्वारपाल, नावाडी, मोलकरीण, चोर यांची पाळी आली की लेखकाला एकदम धोंड्या, भिवा, गंगी ही नावे सुचतात. ज्या सृष्टीत लेखकास सर्व नियम मोडण्याची मुभा आहे, तेथेही हा नियम मोडावा असे त्यास वाटत नाही. संस्कृत नाटकांत दासदासी प्राकृत बोलत, तोच भेद आपण येथे नावांच्या रूपाने जतन केला आहे. मग ज्या विद्यार्थ्याच्या आजोबांचे नाव धोंडू आहे, त्याने अशी कथा वाचून काय समजावे? अद्भुताच्या राज्यात आपल्या घराण्याला वेशीवरच उभे राहावयाचे आहे, हेच ना?

आणि गंमत अशी, की अद्भुत खरोखर कोठे असेल तर ते धोंडूच्याच नावात आहे. आपल्याकडे एखाद्या माउलीची मुले जगत नसली, की पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू असे ठेवीत. हेतू हा, की दृष्ट लावणाऱ्या शक्तीने याला कवडीमोल समजून सोडून द्यावे. विचार करा, एका दोन अक्षरी नावात केवढी कथा आहे! अदृश्य शत्रू आहे, त्यास फसविण्याची युक्ती आहे, झालेले शोक आहेत आणि आईची माया आहे. प्रतापसेन या नावात यातले काही नाही. त्यात फक्त लेखकाचे मत आहे. लोक नाव ठेवितात ते बहुधा घडलेल्या गोष्टीवरून. ग्रंथकार ठेवितो ते गुणावरून. आमच्या मते सर्व फरक येथे आहे.

गावांच्या नावांतही हेच दिसते. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एकाजवळ बाजार भरला म्हणून ते चांदूर बाजार, दुसऱ्यावरून आगगाडी गेली म्हणून ते चांदूर रेल्वे. कोणत्याही कवीला 'चांदूर रेल्वे' हे नाव सुचले नसते, आणि कोणत्याही वाचकास ते खोटे वाटले नसते. अचलपूर-परतवाड्याच्या परिसरातील दोन नद्यांची नावे सापन आणि बिच्छन. साप आणि विंचू यांची आठवण देणाऱ्या या दोन नद्यांमधील मुलखाची कथा लिहावयास बसलेल्या लेखकास आणखी कोणती सामग्री पाहिजे? बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे. चिखलदऱ्यास भीमाने कीचकाला दरीत लोटले असे लोक सांगतात, आणि लोणारच्या खाऱ्या सरोवरापाशी लवणासुर राहत होता असे सांगतात. खाऱ्या पाण्याने येथे राक्षसाला नाव दिले. भूमी आधी, नाव मग, पात्र त्यानंतर, असा लोकप्रतिभेचा क्रम आहे. आपले लेखक तो उलटा करितात.

अमरावती हेच नाव घ्या. ही इंद्राची राजधानी. देवांचे नगर म्हणून यापेक्षा मोठे काल्पनिक नाव संस्कृतात नाही. आमच्या शहराचे नाव उंबरांवरून, म्हणजे उदुंबरावतीवरून, आले असेही सांगतात. ते काही असो. अमरावतीच्या कापसाच्या बाजारात उभा असलेला शेतकरी इंद्राचा विचार करीत नाही, आणि म्हणूनच ते खरे गाव आहे. अर्थ विसरला गेला की नावात वस्ती होते. तेव्हा कल्पित नावाने जन्मतःच थोडे झिजलेले असावे. कित्येक पिढ्यांच्या जिभांवरून ते घरंगळत आले आहे असे वाटावे. आपल्या व्रतकथांतील आटपाट नगर हा याचा आदर्श होय. त्या शब्दाचा अर्थ श्रावणातल्या कहाण्या ऐकणाऱ्या एकाही मुलाने आजीस विचारला नाही. त्या नगराचा पत्ताही कोणी विचारला नाही. आटपाट म्हणताच सर्वजण तेथे पोहोचलेले असतात.

दुसऱ्या जातीच्या, म्हणजे झायरोनियाच्या, पुरस्कर्त्यांस वाटते की नाव अपरिचित असले म्हणजे अद्भुत झाले. येथे व्याकरण त्यांना आडवे येते. मराठीत नाव नुसते उभे राहत नाही; त्यास विभक्ती लागते, आणि विभक्तीपूर्वी सामान्यरूप होते. अकोला अकोल्यास जातो, तेल्हारा तेल्हाऱ्यास, तिवसा तिवशास; दर्यापूर दर्यापुरास होताना आपला दीर्घ ऊकार ऱ्हस्व करून घेतो. हे लवणे हीच त्या नावाची नागरिकता. जे नाव असे लवत नाही ते कथेत पाहुणेच राहते. माणसांच्या नावांचेही असेच: हाक मारताना, रागावताना, लाडाने बोलावताना मराठी नाव रूप पालटते. ज्या नायिकेचे नाव तिची आजी तोडू शकत नाही, तिला आजी असेल हे आम्ही कसे मानावे?

ज्या इंग्रजी ग्रंथांच्या छायेखाली ही नावे घडतात, त्यांनी तरी हेच केले आहे काय? थॉमस मोरने १५१६ साली 'यूटोपिया' हे नाव ग्रीक शब्दांवरून 'कोठेच नाही' या अर्थाने घडविले. पण तो उपहासगर्भ प्रबंध होता, आणि त्याचे वाचक ग्रीक जाणणारे पंडित होते. स्विफ्टने १७२६ साली 'लिलिपुट' निर्माण केले. ते नाव उच्चारतानाच जीभ लहान होते, आणि इंग्रजीने ते विशेषण म्हणून पचविले. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन यांचे उदाहरण तर आमच्या तरुणांच्या तोंडी नित्य असते. हे गृहस्थ भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनी आधी भाषा रचिल्या आणि मग त्या बोलणाऱ्यांच्या कथा लिहिल्या. पण याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांच्या कथेतील हॉबिट नामक बुटक्या जमातीची गावे, घराणी, वाटा यांची नावे बहुतांशी अस्सल खेडवळ इंग्रजी वळणाची आहेत. परकी, गूढ नावे येतात ती नायक घराबाहेर पडल्यावर. भाषांतरकारांसाठी त्यांनी एक टिपणच लिहून ठेविले, ते १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यात इंग्रजी अर्थाची नावे ज्याने त्याने आपापल्या भाषेत अर्थानुसार करावी, असे सांगितले आहे. म्हणजे ज्याचे अनुकरण म्हणून आमचे तरुण इंग्रजी वळणाची नावे घडवितात, त्याचाच सल्ला घराला घरच्या भाषेत नाव द्या असा आहे!

मराठीत हे साधलेले नाही असे मुळीच नाही. रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्यासाठी 'अलबत्त्या गलबत्त्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही नावे योजिली. कोणीही अलबत्या गलबत्या, असे आपण ज्यास तुच्छतेने म्हणतो, त्या नगण्य माणसाला त्यांनी नाटकाच्या शिरोभागी नेऊन बसविले. वेशीवर उभा असलेला धोंड्या येथे आत आला. जी. ए. कुलकर्णी यांनी 'रमलखुणा' (१९७५) या संग्रहातील एका दीर्घकथेस 'इस्किलार' हे नाव दिले. हे नाव कोणत्याही मराठी गावाचे नाही, संस्कृत तर नाहीच. परंतु त्याचे सारे ध्वनी मराठी जिभेच्या आवाक्यातले आहेत; ते विभक्ती घेते, आणि आपला अर्थ सांगत नाही. परकेपणाही मराठीतूनच घडविता येतो, याचे हे प्रमाण होय.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. एक असा, की संस्कृत नावे सर्व महाराष्ट्रास सारखी, तर देशी नावे कोणत्या तरी एका मुलखाची; कोकणातील वाचकास बिच्छन काय समजणार? परंतु विदर्भातील कुंडिनपूर भारतभर समजले ते कशामुळे? दमयंती तेथली, रुक्मिणी तेथली, भवभूतीचा माधवही तेथलाच. वर्धा नदीकाठचे आजचे कौंडिण्यपूर तेच असे परंपरा मानते. एका मुलखाचे नाव सर्वांचे झाले, कारण कथा सांगणाऱ्यांनी ते निःशंकपणे उच्चारले. दुसरा आक्षेप असा, की ओळखीच्या नावांनी आश्चर्य नाहीसे होईल. तो खरा आहे, जर कोणी चांदूर रेल्वेच उचलून कथेत ठेवील तर. आम्ही उसनवारी करा असे म्हणत नाही. रीत शिका असे म्हणतो. एका राज्यातील गावांची नावे बहिणींसारखी एकमेकींस ओळखतील अशी असावीत. नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. त्यास विभक्ती लावून पाहावी. शेजारी त्याचा अपभ्रंश काय करतील ते योजावे. आणि त्यामागे एखादी घडलेली गोष्ट असावी, जी लेखकास ठाऊक असेल व वाचकास सांगितलीच पाहिजे असे नाही.

वऱ्हाडच्या महसुली दप्तरांत रिठी गावे म्हणून एक प्रकार आहे. वस्ती केव्हाच उठली, घरे मातीस मिळाली, तेथे आज कपाशी किंवा तूर उभी आहे. पण मौज्याचे नाव कागदावर आणि गुराख्याच्या तोंडी अद्याप आहे. गाव नसले तरी नाव राहते. नावापाशी केवढे बळ असते हे आमचा निरक्षर गुराखीही जाणतो, आणि पदवीधर लेखक मात्र परदेशी ध्वनींची जुळवाजुळव करीत बसतो, हे दृश्य आम्हांस खिन्न करते. येथे केवळ लेखनकौशल्याचा प्रश्न नाही. जी भाषा न पाहिलेल्या वस्तूला नाव देऊ शकत नाही, ती हळूहळू फक्त पाहिलेल्या वस्तूंची, म्हणजे हिशेबाची व अर्जांची, भाषा होऊन बसते. आणि तीत वाढलेले मूल असे समजू लागते की पऱ्या, राक्षस आणि दूरची राज्ये ही दुसऱ्या कोणाच्या तरी भाषेत असतात. आटपाट नगर ज्यांनी वसविले त्यांची आपण संतती. त्या नगराच्या पुढच्या मुक्कामाला नाव देण्याचे काम आता आमच्या तरुण लेखकांकडे आले आहे, आणि त्यासाठी लागणारा कान त्यांना घरातून व गावातून मिळालेला आहे. त्यांनी त्याचा उपयोग करावा, इतकेच आमचे मागणे आहे.